रजा शिल्लक

सिडकोत पवननगरपासून त्रिमूर्ती चौकापर्यंत कुठल्याही बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये दुपारी चारच्या सुमारास डोकावा, एक आप्पा दिसतीलच. फर्स्ट शिफ्ट सुटलेली. गाडी स्टँडवर, आप्पा गाडीवर आणि हेल्मेट डोक्यावर तसंच. नाशकात चालत्या गाडीवर हेल्मेट घालणारे मोजकेच. हे उभ्या गाडीवर घालून बसतात. वरून वहिनी विचारतात, "वर येताय, की ताट खाली पाठवू?" हेल्मेटातून घुमल्यासारखं "आलो" येतं. आप्पा येत नाहीत. आत कोणी टार्गेट विचारत नाही म्हणे.

आमच्या बिल्डिंगमधले आप्पा मूळचे अमळनेरकडचे. अंबडच्या एका कारखान्यात, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या लाईनवर सुपरवायझर. खरं तर ते दोन नोकऱ्या करतात. एक कंपनीतली आणि दुसरी ती टिकवण्याची. पहिलीला साप्ताहिक सुट्टी तरी आहे.

ही दुसरी नोकरी फार बारकाईने करावी लागते. कँटीनच्या चहातलं आलं कमी झालं की आप्पांच्या पोटात गोळा येतो. "कॉस्ट कटिंग सुरू झालं, भो." भिंतींना रंग लागला की कंपनी विकायला काढली. रंग लागला नाही, तर आता रंगालाही पैसे उरले नाहीत. सिक्युरिटीवाला बदलला, नोटीस बोर्डाला नवीन काच बसली, मोठ्या साहेबांनी गाडी गेटच्या तोंडाशी वळवून लावली, सगळ्याला अर्थ असतो. एकदा एचआरच्या मॅडमनी नाव घेऊन 'गुड मॉर्निंग' म्हटलं. त्या दिवशी आप्पांनी डबा तसाच परत आणला. "इतक्या माणसांत माझंच नाव कसं काय लक्षात राहिलं?"

बरं, चांगली बातमी तरी लाभावी! 22 सप्टेंबर 2025ला छोट्या गाड्यांवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18वर आला. अंबड-सातपूर खुशीत. आप्पांनी पेढा तोंडात टाकला आणि तो विरघळायच्या आत हिशेब मांडला: गाड्या खपणार, टार्गेट वाढणार, रिलिव्हर येणार नाही, म्हणजे डबल शिफ्ट. मंदीत नोकरीची धास्ती, तेजीत जिवाची. "इलेक्ट्रिक गाडी आली की आपला पार्टच लागत नाही" ही तिसरी धास्ती ते राखून ठेवतात, सणासुदीला पाहुण्यांपुढे काढायला.

त्यांच्या वडिलांच्या पिढीत नाशिकला मोक्षाचे तीन दरवाजे होते: नाशिकरोडची प्रेस, ओझरचं एचएएल आणि सातपूरची मायको. मुलगा तिथे चिकटला की बाप पेढे वाटायला निघायचा आणि मुलीकडचे दारात हजर. आप्पांनी तिन्ही दरवाजे ठोठावले, उघडला चौथाच. म्हणून असेल, पण 26 सप्टेंबर 2025ला चंदीगडला मिग-21चा निरोप समारंभ टीव्हीवर लागला, तेव्हा ते हलले. ओझरला बांधलेलं विमान ते. "1963 ते 2025, बासष्ट वर्षं सर्व्हिस. वर पाण्याचे फवारे उडवून निरोप. परमनंट होतं ना ते!"

आप्पाही एकेकाळी परमनंट कामगार होते, युनियनचे मेंबर. गेटसभेला पुढे उभे राहायचे. मग बढती मिळाली. साडेचार इंच केबिन वाढली (काचेचं पार्टिशन तेवढंच सरकवलं होतं) आणि ओटी बंद झाला. त्याहून मोठी गंमत पुढे कळली. सुपरवायझरचं काम आणि ठरावीक मर्यादेवर पगार असेल, तर माणूस औद्योगिक कायद्याच्या व्याख्येत 'कामगार'च राहत नाही. ही मर्यादा आधी 10,000 रुपये होती; 21 नोव्हेंबर 2025ला नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि ती 18,000 झाली. आप्पा दोन्हींच्या वर. युनियन म्हणते, तुम्ही मॅनेजमेंटचे. मॅनेजमेंट म्हणते, बघू. बढतीचे पेढे आम्हीही खाल्ले होते, त्यामुळे बोलता येत नाही.

पुण्याच्या भाच्याने निदान केलं, "आप्पा, तुम्हाला बर्नआउट झालंय." जागतिक आरोग्य संघटनेने 2019मध्ये याची नोंद घेतलीय, हेही सांगितलं. आप्पांना जरा बरं वाटलं. निदान जगात कुणी नोंद तरी घेतली. पण भाचा प्रामाणिक. त्याने पुढचंही वाचून दाखवलं: हा आजार नव्हे, कामाशी निगडित अवस्था आहे. आप्पा उठलेच. "आजार नाही? मग मेडिकल लीव्ह कशी टाकायची?"

टाकणारही नव्हते म्हणा. त्यांच्या रजा दरवर्षी शिल्लक राहतात, आणि त्यामागे एक दुःखद इतिहास आहे. मागे पुतणीच्या लग्नाला ते चार दिवस अमळनेरला गेले होते. परत येऊन धडधडत्या छातीने रजिस्टर उघडलं. लाईन एकदाही थांबली नव्हती. रिजेक्शन तर नेहमीपेक्षा कमी! ते पान आप्पांनी दोनदा वाचलं, रजिस्टर मिटलं आणि तेव्हापासून रजेचं नाव काढलेलं नाही.

तरी वहिनींनी एकदा नेट लावला. इगतपुरी काय लांब आहे? धम्मगिरीला 1976पासून विपश्यनेची शिबिरं चालतात, दहा दिवस, फी नाही. आप्पांनी फॉर्म भरायला घेतला, नियम वाचले. मौन पाळायचं, त्याला हरकत नव्हती, घरात वेगळं काय करतात? पहाटे चारला उठायचं. फर्स्ट शिफ्टवाल्याला त्याचं काय कौतुक! मोबाईल जमा करायचा, इथे मात्र पेन थांबलं.

"अहो, लाईन अडली तर दुसरा कोणी बघेल," वहिनी म्हणाल्या.

"तेच तर," आप्पा म्हणाले. "आणि दहा दिवसांनी फोन चालू केला आणि कुणाचा मिस्ड कॉलच नसला तर?"

फॉर्म फ्रिजवर राहिला. पुढे त्यावर दुधाचा हिशेब झाला.

आणि विश्रांती त्यांना मिळालेली नाही असंही नाही. 2020च्या लॉकडाऊनमध्ये कारखाना बंद, आप्पा घरी, पंखा चालू, वरण-भात-तूप वेळेवर. वर्षानुवर्षं मागितलेलं सगळं एकदम हातात आलं. आप्पा रात्री दोनला गॅलरीत उभे. लांबून अंबडच्या दिशेने बघायचे, कुठल्या शेडमध्ये दिवा दिसतोय का. कारखाना सुरू झाला त्या दिवशी पहिल्यांदा झोपले, तेही लाईनवर, स्टुलावर.

कंपनीलाही कोणीतरी सुचवलं असावं. गेल्या महिन्यात तिने 'तणावमुक्त जीवन' नावाचं शिबिर ठेवलं. सुट्टीच्या दिवशी, सकाळी नऊ ते सहा, मुंबई नाक्याजवळच्या हॉटेलात. व्याख्याते डोळे मिटायला सांगत. आप्पांनी एकच मिटला. दुसऱ्याने ते कोण कोण आलं नाही हे बघत होते. शेवटी फॉर्म वाटले. 'तुम्हाला कशाचा ताण येतो?' वर नाव आणि टोकन नंबर. आप्पांनी बराच विचार केला आणि लिहिलं, "कशाचाही नाही. कंपनीचे आभार."

हजेरीचं सर्टिफिकेट त्यांनी दुसऱ्याच दिवशी लॅमिनेट करून फायलीत लावलं. यादी काढायची वेळ आली तर दाखवायला बरं, म्हणाले. शिबिराचा दुसरा भाग पुढच्या महिन्यात आहे, तोही सुट्टीच्या दिवशी. नाव देणं ऐच्छिक आहे. आप्पांनी पहिल्याच दिवशी दिलं.