आसेगावचा मिस्त्री रेवसच्या खाडीत

भाचीच्या सासरचं अलिबागहून बोलावणं आलं आणि काकाजींनी आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहायचं कबूल केलं. मंगरूळपीर तालुक्यातल्या आमच्या आसेगावात तोवर त्यांना विहिरींनीच पुरेसं गुंतवून ठेवलं होतं. विहिरीवरचं डिझेल इंजिन बंद पडलं की शेतकरी आधी देवाला हाक मारतो आणि मग काकाजींना. गावात वीज आली तेव्हा हा धंदा बुडेल असं सगळ्यांना वाटलं. पण वीज येते तशी जातेही, त्यामुळे धंदा टिकला.

शेलूबाजारला आम्ही समृद्धी महामार्गावर चढलो. सातशे एक किलोमीटरचा हा रस्ता लोक सह्याद्री पाहण्यासाठी धरतात. काकाजींनी पाहिला तो गाडीच्या इंजिनाचं तापमान दाखवणारा काटा. इगतपुरीजवळ जवळजवळ आठ किलोमीटरचा बोगदा लागला, तेव्हा मी मोठ्या कौतुकाने म्हटलं, "काकाजी, पाहा!"

"पाह्यतो ना," ते म्हणाले, "इथं काटा लय साफ दिसते."

उरणजवळ 'करंजा' अशी पाटी दिसली आणि गाडी उलटी फिरून आमच्या वाशिम जिल्ह्यातल्या कारंजाला परतल्याची शंका त्यांनी बोलून दाखवली. तेवढ्यात समोर पाणीच पाणी आलं. काकाजींनी कमरेवर हात ठेवून धरमतरच्या खाडीचा अंदाज घेतला. "एवढं पानी, अन् एका वाफ्याच्या कामाचं नाई!"

व्याह्यांच्या ओळखीचा एक नाखवा आम्हाला पलीकडे रेवसला सोडणार होता. लाकडी होडी जुनी, आणि तिच्या पोटात फळ्यांखाली बसवलेलं इंजिन तिच्याहून वडीलधारं. अर्ध्या खाडीत फळ्यांच्या फटीतून वाफ यायला लागली. नाखव्याने इंजिन बंद करून नांगर टाकला. खलाशाने बादली भरून घेतली आणि ती इंजिनावर ओतणार, तोच काकाजी ओरडले, "थांब बे पोट्ट्या! तापल्या हेडवर थंड पानी टाकतं? तडा जाईन!"

बादली जागच्या जागी थबकली. होडीचा ताबा कुणाकडे आहे, हे सगळ्यांना कळलं.

इंजिन निवेपर्यंत चौकशी झाली. हे जुनं इंजिन थेट समुद्राच्याच पाण्यावर थंड होतं, असं नाखव्याने सांगितलं. अशी इंजिनं साठ अंशांच्या आसपास ठेवावी लागतात. त्याहून जास्त तापलं तर पाण्यातलं मीठ आतल्या वाटांना धरतं आणि वाटा बुजतात. "म्हंजे इंजिनलेही पथ्य हाये," काकाजी म्हणाले. विहिरीवरचं त्यांचं इंजिनही असंच. पंपाने उपसलेल्या पाण्यातलंच थोडं त्याच्या अंगातून फिरवायचं आणि पाटात सोडायचं. खारं असो की गोडं, पाणी आलं पाहिजे.

मग तपासणी सुरू झाली. तळाशी पाणी आत घेणारा व्हॉल उघडाच होता. जाळीत वेफर्सची पिशवी निघाली. ती काढून इंजिन घटकाभर चालवलं, तरी बाजूच्या नळीतून करंगळीएवढी धार. पट्टा ताठ. पंप उघडला तर इम्पेलरची रबरी पाती शाबूत. एखादं पातं तुटलं असतं तर त्याचा तुकडा पुढच्या वाटेत जाऊन बसला असता आणि तोही शोधावा लागला असता.

"काका, सगला बघितला," नाखवा वैतागला. "पानी कुठंच गलत नाय."

"गयत नाई, हेच तं दुखनं हाये, भाऊ!" काकाजींचा चेहरा उजळला. "हवा खाऊन राह्यलं थे."

पंप पाण्याच्या पातळीहून वर बसवलेला. त्याच्या ओढीच्या नळीला चीर पडली तर पाणी बाहेर येत नाही, हवा आत जाते. सगळं कोरडं ठणठणीत दिसतं आणि पंप पाण्याऐवजी वारा पितो. विहिरीवर हाच खेळ उन्हाळाभर चालतो. काकाजींनी पिशवीतून दाढीचा साबण काढला, फेस केला आणि इंजिन चालू करायला लावून नळीच्या सांध्यांवर थापला. एका सांध्यापाशी फेस सुर्रकन आत ओढला गेला. इंजिन बंद करून त्यांनी सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी काढली (ती त्यांच्याजवळ लग्नकार्यातही असते) आणि ताणून घट्ट गुंडाळली.

पुढच्याच फेरीला बाजूच्या नळीने भडाभडा पाणी टाकलं.

"हे रेवसपुरतंच," काकाजींनी बजावलं. "नयी आजच नवी टाका."

रेवसला उतरताना नाखव्याने मजुरी म्हणून ताज्या पापलेटची जोडी पुढे केली. काकाजींनी गळ्यातल्या तुळशीच्या माळेला हात लावला.

"अरे द्येवा! मग तुमी जेवता तरी काय?"

"जवसाची चटनी," काकाजी अभिमानाने म्हणाले.

नाखव्याने दयेने त्यांच्याकडे आणि मग आशेने माझ्या गळ्याकडे पाहिलं. तिथे माळ नव्हती. घराण्याची मजुरी बुडू नये म्हणून पापलेटं मी घेतली.