थांब, हे वाचू दे

आमच्या मामांबरोबर कुठलंही ठिकाण बघायला जायचं तर लोकांनी सांगितलेल्या वेळेला तिनानं गुणावं लागतं. इतर माणसं किल्ला बघतात, मामा किल्ल्याचा फलक बघतात. वेळ उरलाच तर मग किल्ला. "थांब, हे वाचू दे," असं म्हणत ते कपाळावरचा चष्मा नाकावर आणतात, हात पाठीमागे बांधतात आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळं ओठ हलवत वाचून काढतात. पुरातत्त्व खात्याचा तो निळा फलक असतो ना, स्मारकाची नासधूस केल्यास काय शिक्षा होईल ते सांगणारा? तो सबंध वाचणारा हा एकच माणूस मी पाहिलाय. "पूर्वी तीन महिने कैद आणि पाच हजार दंड होता. २०१० साली दोन वर्षं आणि एक लाख केला," हे त्यांनी मला दौलताबादच्या पायथ्याशी ऐकवलं, तेव्हा बाकीची मंडळी अंधारी नावाचा भुयारी मार्ग ओलांडून बालेकिल्ल्याला लागली होती.

दुसरं वेड पायऱ्या मोजण्याचं. मोजताना कुणी बोललं की आकडा चुकतो, आणि आकडा चुकला की मामा खाली उतरून पुन्हा सुरुवात करतात.

मामा निफाडकडचे. मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले, घरची तीन एकर द्राक्षबाग, गळ्यात माळ. त्यांची मुलगी, म्हणजे माझी मामेबहीण, तुलूझला नोकरी करते. सप्टेंबरात तिनं आईबाबांना बोलावून घेतलं आणि सोबतीला मला. तिथून बोर्दो मोटारीनं अडीच तासांवर. माळकरी बापाला वाइनच्या मुलखात न्यायचं म्हणून ती जरा चाचरत होती. "बाबा, तिथं किल्ला आहे, दगडात कोरलेलं चर्च आहे, वाळूचा डोंगर आहे..." मामांनी एवढंच विचारलं, "फलक इंग्रजीत असतात ना?"

फलक फ्रेंचमध्ये होते. खाली बारीक अक्षरांत इंग्रजी. मामा दोन्ही वाचत. भाषा येत नाही म्हणून मजकूर सोडायचा, हे त्यांच्या डोक्यात येऊच शकत नाही. लिपी ओळखीची आहे ना, मग झालं. चर्चला फ्रेंचमध्ये 'एग्लीझ' म्हणतात, मामा खणखणीत 'एगलिसे' वाचत. "बाबा, शेवटची अक्षरं म्हणायची नसतात इथं!"

"मग छापतात कशाला? शाई फुकट येते का?"

पहिला फलक शहराच्या वेशीवरच लागला. पांढरा, लाल काठाचा, त्यावर फक्त गावाचं नाव. मामा एकदम म्हणाले, "गाडी थांबव." उतरले, फलकासमोर उभे राहिले आणि वळून मला म्हणाले, "अरे, हे बोर्डो म्हणजे आपलं बोर्डोच की काय?"

मामेबहिणीला काही कळेना. ती शिकायला म्हणून लहानपणीच पुण्याला गेलेली. पण निफाडच्या माणसाला बोर्डो हे गाव नसतं, ते औषध असतं. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, शंभर लिटर पाणी. मोरचूद वेगळा भिजवायचा, चुना वेगळा, मग दोन्ही एकत्र ओतायचं. विळ्याचं पातं त्यात बुडवून बघायचं. पात्यावर तांबूस चढलं तर चुना कमी पडलाय, अजून घाला. मामांचे वडील पाठीवर पितळी पंप बांधून फवारणी करायचे आणि संध्याकाळी निळी बंडी, निळे हात, निळ्या भुवया घेऊन घरी यायचे. साठ वर्षं तोंडात असलेला हा शब्द एखाद्या गावाचा असेल, असं मामांना वाटलंच नव्हतं. त्या दिवशी ते आपण होऊन फलकाशेजारी फोटोला उभे राहिले. आजवर असं कधी झालेलं नाही.

शहर आम्ही भरभर उरकलं. नदीकाठी अठराव्या शतकातल्या एका देखण्या चौकासमोर काळ्या दगडाची लांबरुंद फरसबंदी आहे, तिच्यावर पाण्याचा पातळ थर सोडतात. सगळ्या इमारती त्यात उलट्या दिसतात. लोक अनवाणी नाचत होते, पोरं लोळत होती. मामांनी वाचलं : २००६ साल, क्षेत्रफळ ३,४५० चौरस मीटर, पाणी दोन सेंटीमीटर. मग खाली बसून तर्जनी बुडवली, अंगठ्यानं पेरावर खूण धरली आणि "बरोबर आहे," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी जवळच्याच मेदोक भागातल्या द्राक्षबागा. इथे मामांचा नूर पालटला. फलक सोडून ते चक्क जमिनीकडे बघू लागले. माती कसली, नुसती गोटेगोटे वाळू. कमरेइतक्या बुटक्या वेली. मांडव नाही, ठिबक नाही. "पाणी कधी देता?" त्यांनी विचारलं. वाइनरीतल्या बाईंनी सांगितलं, देत नाही, नियमात बसत नाही. छाटणी? वर्षातून एकदा, थंडीत. मामांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू हे लोक दिवाळी-संक्रांतही एकाच दिवशी उरकतात. आपल्याकडे एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात फळ छाटणी. शेतकऱ्याला मान वर करायला फुरसत नाही. खुंट मात्र इथेही अमेरिकन. एकोणिसाव्या शतकात फिलॉक्सेरा नावाच्या किडीनं इथल्या वेलींची मुळं खाऊन बागाच्या बागा बसवल्या, तेव्हापासून मूळ अमेरिकेचं आणि वर वेल फ्रान्सची. "आपल्या डॉगरिज खुंटासारखंच की!" मामा खूश.

मग बाईंनी बोर्डोची गोष्ट सांगितली. अमेरिकेतून आलेल्या केवडा रोगानं १८८०च्या आसपास इथल्या बागा झोडपल्या होत्या. बोर्दो विद्यापीठात मिलार्दे नावाचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. मेदोकमधल्या एका बागेत त्यांना दिसलं की रस्त्याकडेच्या वेली तेवढ्या हिरव्यागार आहेत. चौकशी केली. जाणारे-येणारे घड तोडतात म्हणून बागवाल्यांनी कडेच्या ओळींवर मोरचूद आणि चुना शिंपडला होता. निळं दिसलं, कडू लागलं की चोर पुढे जातो. प्रयोग करून प्राध्यापकांनी १८८५ साली ते औषध म्हणून जाहीर केलं.

"म्हणजे राखणदार होता तो!" मामा मांडीवर थाप मारून म्हणाले. "रोग गेला तो वरचा नफा."

वाइन त्यांनी घेतली नाही. ग्लास नाकाशी नेऊन परत केला आणि द्राक्षवाणांचे टक्के लिहिलेला कागद मागून घेतला. मामींनी, आमचं लक्ष नाही असं बघून, एक घोट घेतला. "जांभळाच्या सरबतात साखर घालायची राहिलीय," हा त्यांचा निकाल.

तिथून फेरीबोटीनं पलीकडे ब्लायला गेलो. तिथला किल्ला चौदाव्या लुईच्या वोबाँ या दुर्गशिल्पकाराचा. फलकाशी मामा पाऊण तास. ज्या पाण्यातून आम्ही आलो त्याचं पात्र तीनेक किलोमीटर, तेव्हाच्या तोफेचा पल्ला तेवढा नाही. म्हणून एक किल्ला या काठाला, एक त्या काठाला आणि एक मधल्या बेटावर. शत्रूचं गलबत कुठूनही जावो, माऱ्यात येणारच. मामांनी डायरीत त्रिकोण काढला आणि शेजारी लिहिलं, "जन्म १६३३. महाराजांपेक्षा तीन वर्षांनी धाकटा."

शेजारी एक फ्रेंच कुटुंब सँडविच खात होतं. मामांनी त्यांना इंग्रजीतून १६७९ सालची, आपल्या समुद्रातल्या खांदेरी बेटाची गोष्ट समजावून दिली. महाराजांनी खांदेरी बांधायला घेतली म्हणून सिद्दीनं समोरची उंदेरी कशी धरली, त्यासाठी बाकावर दोन पाण्याच्या बाटल्या मांडल्या. मग रायगड आला, रायगडावरून तो बांधणारे हिरोजी इंदुलकर आले. तो गृहस्थ भला. त्यानं ते नाव दोनदा म्हणून पाहिलं, दोन्ही वेळा शेवटचा र गिळला. "शेवटचं अक्षर म्हणायचं असतं आमच्याकडे," मामांनी त्याला बजावलं.

सेंत-एमिलियोंला मात्र मामींनी बाजी मारली. हे गाव एमिलियों नावाच्या आठव्या शतकातल्या साधूचं. तो जिथे राहिला म्हणतात ती गुहा आधी दाखवतात, मग तिच्याजवळचं बाराव्या शतकातलं चर्च. अख्खं चर्च चुनखडीत कोरून काढलेलं, ३८ मीटर लांब, १२ मीटर उंच. वर, गावाच्या चौकात, त्याच दगडावर घंटेचा मनोरा. मामांच्या मनात अर्थातच वेरूळचं कैलास. "ते वरून खाली उतरलं, हे बाजूनं आत शिरलं," असं ते मला गुहेतच सांगत होते, आणि गाईड बाई थांबून राहिल्या होत्या. मामींचे गुडघे तोवर बोलायला लागलेले. त्यांनी भिंतीतला दगडी कोनाडा पाहिला आणि टेकल्या. गाईडनं टाळ्या वाजवल्या. त्या आसनावर बसणाऱ्या बाईला मूल होतं अशी श्रद्धा आहे म्हणे! मामींचं वय सहासष्ट. मामेबहिणीनं मराठीत समजावल्यावर त्या उठल्या नाहीत. पदर सारखा करून म्हणाल्या, "होऊ दे. त्याला तरी बघता बघता चालायला शिकवीन. यांना तर जागचं हलवताच येत नाही."

शेवटचा मुक्काम पिलाचा वाळूचा डोंगर. अटलांटिकच्या काठाला शंभर मीटरच्या वर उंच, जवळजवळ तीन किलोमीटर लांब. वारा वाळू ढकलतो आणि डोंगर दर वर्षी काही मीटर मागच्या पाइनच्या जंगलात सरकतो. २०२२च्या वणव्यात हे जंगल जळालं होतं. हे सगळं खालच्या फलकांवर आहे, म्हणजे मामा खाली. आम्ही वर पोचून, बसून, कंटाळलो तेव्हा जिन्यावर त्यांची टोपी दिसली. पायऱ्या मोजत येत होते. कुणी बोललं नाही.

वर फलक नव्हता. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला जंगल, मध्ये नुसती वाळू. मामांनी चष्मा कपाळावर सरकवला, इकडेतिकडे पाहिलं आणि मामींच्या शेजारी बसले. अर्धा तास काही बोलले नाहीत. बोटांतून वाळू सोडत होते. उठताना म्हणाले, "द्राक्षाला चालेल ही. निचरा चांगला आहे."

परत आल्यावर मी त्यांच्या फोनमधले फोटो मोजले. दोनशे चौदा फलक. माणसं दोनच फोटोंत. एकात ते स्वतः बोर्डोच्या पाटीजवळ. दुसऱ्यात मामी, ब्लायच्या फलकाला खेटून, फलकाच्या उंचीचा अंदाज यावा म्हणून.

मेदोकहून एक बाटली मात्र त्यांनी विकत आणली. निफाडच्या घरी शोकेसमध्ये, मुख्याध्यापकपदाच्या सन्मानचिन्हाशेजारी ती उभी आहे. अजून उघडलेली नाही, उघडणारही नाहीत. येणाऱ्या प्रत्येकाला मामा ती खाली काढून लेबल वाचून दाखवतात. शेवटच्या अक्षरांसकट.