पाव्हणं, कुनीकडं?

शहरात माणूस चालत निघाला की लोक म्हणतात, तब्येतीला जपतो. खेड्यात तोच माणूस चालत निघाला की लोक म्हणतात, गाडी बंद पडली वाटतं. माझी सासुरवाडी सातारा जिल्ह्यात, कोरेगाव तालुक्यात आहे. तिथे संक्रांतीच्या सुमारास थंडी अगदी बेताची. सकाळी अंगात घातलेला स्वेटर नऊ वाजता कमरेला येतो. डांबरी रस्त्यावरून उसाच्या ट्रॉल्या कर्णकर्कश गाणी लावून कारखान्याकडे चाललेल्या असतात, म्हणून मी पाणंद धरतो. दोन्ही अंगांना हुरड्यात आलेला शाळू, मध्येच हरभऱ्याचं रान. हरभऱ्यावरच्या दवात त्याची आंब उतरते. जुनी माणसं रात्री फडकं पसरून ती धरत, पोटदुखीवर औषध म्हणून. माझ्या पँटने ती गुडघ्यापर्यंत फुकटात धरली.

पाणंद शांत असते, पण माणूस भेटेपर्यंतच.

पहिली येते मोटरसायकल. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन, टाकीवर पेंडीचं पोतं.

“बसा दाजी.”

“नको, चालतोय.”

“त्येच म्हंतोय, चालताय कशाला?”

याला उत्तर नसतं. तो खांदे उडवून पुढे जातो आणि मी घरी पोचण्याआधी ‘दाजी रागारागानं चालत निघाल्यात’ ही बातमी पोचवतो. मग सासूबाई लेकीला आत बोलावून हळूच विचारतात, “काय बोललीस गं त्यास्नी?”

पुढच्या बांधावर एक गृहस्थ खुरपं टाकून उभे राहतात. स्वच्छ बूट घालून दोन्हीकडे बघत सावकाश चालणारा माणूस त्यांच्या लेखी एकच.

“सायेब, मोजणीला आलाय न्हवं?”

त्यांची शंका अगदीच वावगी नाही. गावनकाशावर पायमार्ग तुटक रेषेने दाखवतात आणि त्याची रुंदी धरतात सव्वाआठ फूट. रानात मात्र नांगर दरसाल बोटभर वाटेत सरकतो, आणि सव्वाआठ फुटांतून शेवटी शेळी तेवढी जाते. अडवलेली वाट मोकळी करून देणारा मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ सालचा आहे. इंग्रज गेले, बांधाची भांडणं राहिली. मी मोजणीचा नाही हे पटल्यावरही त्या गृहस्थांनी शेजाऱ्याने कोरलेला बांध मला पावलांनी मोजून दाखवलाच. अंक सांगून ते माझ्याकडे असे बघत, की मी लिहून घ्यावं.

तिसरे भेटतात आबा. वयाने मोठे, त्यामुळे थेट निदानच करतात.

“पाव्हणं, शुगर हाय व्हय?”

“थोडी आहे. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय.”

“आरारारा!” म्हणत ते फडात शिरतात, हातभर ऊस मोडून आणतात आणि माझ्या हातात देतात. “ह्यो खावा. रानातली साखर बाधत न्हाई.” मग मी तो खाईपर्यंत समोर उभे राहतात.

मला कुणी काहीच विचारलं नाही, ते फक्त ऊसतोडीच्या फडावर. बीडकडून आलेली माणसं. तिथे नवरा-बायकोची जोडी मिळून ‘एक कोयता’ मोजतात. पहाटेपासून त्यांचे कोयते चालू होते. बाई मोळी डोक्यावर घेऊन तिरक्या फळीवरून ट्रॉलीवर चढत होती. पाव्हणा कुठे निघालाय, हे विचारायला तिला उसंत नव्हती, आणि तब्येतीसाठी चालतोय हे तिला सांगायला माझी जीभ रेटली नसती.

तेव्हा आडवाटेने निवांत फिरायची हौस असेल, तर डोंगर चढायच्या महागड्या काठ्या घरीच ठेवा आणि एका हातात विळा, दुसऱ्या हातात दुधाची रिकामी किटली घ्या. विळा दिसला की माणूस कामाचा ठरतो, आणि कामाच्या माणसाला कुणी अडवत नाही. आणि हो, उसाच्या बाजूने जाताना डॉक्टरांचं नाव काढू नका.