फाइल आली, गाणं नाही आलं

जयंतीच्या आदल्या रात्री उस्मानपुऱ्यात, संत एकनाथ रंगमंदिराच्या मागच्या गल्लीत कुणी फोनवर ‘भाऊ, हलगी कुठंय?’ असं ओरडत असेल, तर दचकू नका. हलगी चोरीला गेलेली नाही. डीजेवाल्याकडे प्रोजेक्ट आलाय.

गाणी बनवायच्या एफएल स्टुडिओ या सॉफ्टवेअरची एफएलपी फाइल वजनाला हलकी, व्हॉट्सॲपवरून झटकन येते. उघडली की हलगी नाही, ढोलकी नाही, गायक तर नाहीच. कारण तिच्यात रेकॉर्ड केलेला आवाज नसतोच. असतो फक्त त्याचा पत्ता. तोही पाठवणाऱ्याच्या डी ड्राइव्हचा! आवाजासकट गाठोडं बांधायला एक्स्पोर्टमध्ये ‘झिप्ड लूप पॅकेज’ आहे. पण त्यासाठी मेनू वाचावा लागतो, आणि आपण मेनू फक्त हॉटेलात वाचतो.

फुकटच्या ट्रायलची तर न्यारीच तऱ्हा. प्रोजेक्ट आनंदाने सेव्ह होतो, पुन्हा उघडत मात्र नाही. आधी विकत घ्या. एखाद्या सरकारी योजनेत शोभेल अशी अट.

२०२३ मध्ये बिटविग आणि प्रीसोनस या संगीत-सॉफ्टवेअरवाल्या कंपन्यांनी ‘डॉप्रोजेक्ट’ हा खुला फॉरमॅट आणला, एका सॉफ्टवेअरमधलं काम दुसऱ्यात नेता यावं म्हणून. आमच्या गल्लीचा फॉरमॅट वेगळा : ‘जयंती_फायनल_नवीन_हाच घ्या’.

तेव्हा दादा, प्रत्येक ट्रॅकची वेगळी वेव्ह फाइल काढ, सगळ्या शून्यापासून सुरू कर, ‘ऑडिओ १७’ऐवजी ‘हलगी’ असं नाव दे आणि बीपीएम, म्हणजे गाण्याचा वेग, कळव. मिरवणूक उद्याच आहे.