धुराची वहिवाट

अग्नी प्रज्वलित करण्याची विद्या मानवाने गुहेत असतानाच हस्तगत केली. त्याच्या धुराला रीतसर मार्ग काढून देण्याचे काम मात्र त्याने माझ्यासाठी राखून ठेवले असावे, असे न्यू हॅम्पशायरमधील आमच्या तळघरात टेप घेऊन उभे राहिल्यावर माझे मत बनत चालले. लाकडाचा भुसा दाबून केलेल्या, पाव इंच जाडीच्या कांड्या जाळणारी पेलेटची शेगडी घ्यावयाची, हे ठरण्यास एक सायंकाळ पुरली. मळसूत्री दांडा कांड्या आपण होऊन जाळाकडे ढकलतो आणि पंखा धूर बाहेर लोटतो, एवढ्या वर्णनावरच आमचे कुटुंब प्रसन्न झाले.

लोटतो खरा, पण कोठे? तळघर निम्मेअधिक जमिनीत. तेव्हा दुहेरी पत्र्याची नळी शेगडीमागून पाच फूट सरळ वर न्यावी आणि काँक्रीटच्या पायावर जेथे घराची लाकडी चौकट टेकते, तेथून बाहेर काढावी, हे उघडच होते. मग निघाली चतुःसीमा. धुराचे तोंड उघडणाऱ्या खिडकीच्या खाली वा बाजूस असल्यास 4 फूट दूर, वर असल्यास 1 फूट. जमिनीपासून निदान 1 फूट उंच. गॅसच्या मीटरची हद्द निराळीच. या सर्व हक्कदारांचे समाधान करून जी हातभर भिंत बिनतक्रार उरली, तिच्याखाली सौभाग्यवतींचे हायड्रेंजिया फुलले होते.

शिवाय, जमीन म्हणजे कोणती? ऑक्टोबरातली की जानेवारीतली? बर्फ गुडघ्यापर्यंत साचणाऱ्या मुलखात बाहेरची नळी आणखी तीन फूट वर चढविणे प्राप्त होते. आणि हिमवादळात वीज जाऊन पंखा थांबला, तर आतल्या धुराने दिवाणखान्याऐवजी आभाळाची वाट धरावी, यासाठीही ती चढण हवीच होती.

येथे हिशेबाने डोके वर काढले. नळीची लांबी टेपने मोजावयाची नसते. आडवा फूट हा एक फूट, उभा फूट अर्धा, आणि काटकोनातले प्रत्येक वळण, मग ते वीतभर का असेना, तब्बल पाच फूट! जुन्या कुलकर्ण्याच्या दप्तरात बांधावरचे बाभळीचे झाड जसे शेताहून मोठे होऊन बसे, तशी आमची दहा फुटांची नळी कागदोपत्री एकवीस फुटांची झाली. आणि पंधरापलीकडे गेल्यास तीन इंची नळी नामंजूर, चार इंची आणा, असा दंडक.

एवढ्याने भागेना. हिवाळ्यात घरातील ऊन हवा माळ्यातून निसटते, तिची तूट तळघर बाहेरून ओढून भरते, त्यात कपडे वाळविणारे यंत्र आपला हिस्सा उपसते. म्हणून शेगडीच्या श्वासासाठी भिंतीला दुसरे भोक. सांध्यासांध्यांवर सिलिकॉन थापावयाचे, ते निराळे.

सर्व नकाशा शाईने रेखून, नगराच्या परवान्याचा अर्ज जोडून, मी तो सौभाग्यवतींपुढे ठेवला. त्यांनी हायड्रेंजियाच्या जागी बोट टेकविले, क्षणभर ठेवले, मग उचलून तळघराच्या अरुंद जिन्यावर नेले.

"अहो, धूर वर जाईल हो. पण टनाला चाळीस-चाळीस पौंडांच्या पन्नास पिशव्या म्हणालात ना? त्या खाली कोण नेणार?"