वाऱ्यावर स्वार, मेन्यूत गार

मिलवॉकीच्या हार्ले-डेव्हिडसनने २०२४ मध्ये स्ट्रीट ग्लाइड आणि रोड ग्लाइड या लांब पल्ल्याच्या मोटारसायकलींचा कायापालट केला. काट्यांचे मीटर गेले, १२.३ इंचांचा टचस्क्रीन आला. मोकळ्या रस्त्यावर उंडारायला निघालेल्या गड्याने आता आधी मेन्यू वाचायचा. पावसासाठी वेगळा ‘रेन’ मोड. पूर्वी लोक नुसतं जपून चालवायचे, बिचारे! रोड ग्लाइडचं वजनही घटवलंय म्हणे. उरलंय फक्त ३८० किलो.

आणि १९२३ सीसीच्या इंजिनाच्या जोडीला २०० वॉटचा अ‍ॅम्प्लिफायर. याच कंपनीने १९९४ मध्ये इंजिनाच्या आवाजाचाच ट्रेडमार्क मागितला होता. २००० मध्ये अर्ज मागे घेतला. आता त्याच आवाजावर मात करणारे स्पीकर तीच विकते, आणि गिऱ्हाईक दोन्हींचे पैसे हसत मोजतं.