पूर्वकर्म

फ्रेंच श्रुतलेखनाच्या पहिल्याच चाचणीत माझ्या 47 चुका निघाल्या, ही वार्ता मी घरी, उद्या दूधवाला येणार नाही असे सांगावे इतक्या निर्विकार स्वरात सांगितली, परंतु सकाळचे वर्तमानपत्र हाती घेऊन त्यातल्या ऱ्हस्वदीर्घांच्या नावाने शंख करीत चहा थंड करणारा हा गृहस्थ जिने चौतीस वर्षे पाहिला आहे, त्या माझ्या पत्नीने हातातली परात खाली ठेवली आणि "एका पानात?" एवढेच विचारले. "अर्ध्या," असे उत्तर देण्याचा प्रामाणिकपणा माझ्या अंगी आहे. तो मी त्या वेळी दाखविला नाही.

माझी सारी हयात मुद्रितशोधनात गेली. लग्नपत्रिकेत 'आशिर्वाद' दिसला की अक्षता पडण्यापूर्वी वधूपित्याला कोपऱ्यात गाठून त्या वेलांटीचा जाब विचारणारा एक इसम प्रत्येक गोतावळ्यात असतो. आमच्यात तो मी. सेवानिवृत्तीनंतर लोक ज्ञानेश्वरीकडे वळतात किंवा मधुमेहाकडे. मी विद्यापीठाच्या फ्रेंच विभागाकडे वळलो, आणि प्रमाणपत्र, पदविका, उच्च पदविका अशा पायऱ्या चढत पदव्युत्तर वर्गात जाऊन बसलो. जिज्ञासा, असे कारण मी चारचौघांत सांगतो. खरे कारण असे की, मराठीत ज्यांच्या चुका काढाव्यात असे लोक मला पाहून रस्ता बदलू लागले होते, आणि शुद्धलेखनाचा खरा दरारा फ्रेंचांच्या दरबारी आहे असे मी ऐकून होतो. तेथे आपल्याला मानाची बैठक मिळेल, अशी माझी समजूत होती. बैठक मिळाली, ती शेवटच्या बाकावर, अकरावीत गुण भरभरून पडतात म्हणून संस्कृत सोडून फ्रेंच घेतलेल्या आणि त्यामुळे या विद्येत मला ज्येष्ठ ठरलेल्या बाविशीतल्या मुलांच्या मागे.

प्रमाणपत्राच्या वर्षी, वाक्य संपले की बाई 'प्वँ' म्हणत, म्हणजे पूर्णविराम; मी तो शब्दच समजून पानभर प्रत्येक वाक्याच्या शेवटी इमानेइतबारे अक्षरांत लिहून काढला होता. पुढे कान तयार झाला. पण फ्रेंचमध्ये कान तयार होऊन भागत नाही. तिथली निम्मी अक्षरे जुन्या कचेरीतल्या त्या कारकुनांसारखी असतात, ज्यांचे नाव हजेरीपटावर असते, कोट खुर्चीवर असतो, आणि जे स्वतः कोठे आहेत हे मामलेदारासही ठाऊक नसते. पक्षी या अर्थाचा 'वाझो' हा शब्द लिहावयाचा तर ओ, आय, एस, ई, ए, यू अशी सहा अक्षरे दाखल करावी लागतात, आणि त्यांतले एकही स्वतःला नेमून दिलेले काम करीत नाही. 'वेर' असा उच्चार कानी पडला तर तो हिरवा रंग, काच, किडा की कवितेची ओळ, याचा निवाडा संदर्भावर. वर्णरचना मात्र चौघांचीही स्वतंत्र.

हे सारे सोसले. सोसवला नाही तो भूतकाळ. 'आव्ह्वार' या सहायक क्रियापदाच्या संगतीत येणारे धातुसाधित कर्माप्रमाणे बदलते, परंतु ते केव्हा, तर कर्म त्याच्या अगोदर येऊन बसले असेल तेव्हाच. 'मी आंबे खाल्ले' म्हणताना ते आंब्यांकडे ढुंकूनही पाहत नाही. 'जे आंबे मी खाल्ले' अशी रचना केली की, फ्रेंचांचा आंबा स्त्रीलिंगी असल्यामुळे, त्याच धातुसाधिताला आधी एक ई आणि वर एक एस चिकटवावा लागतो. उच्चार दोन्हीकडे 'मांझे'; म्हणजे हा सारा खटाटोप केवळ परीक्षकाच्या डोळ्यांसाठी. वास्तविक मराठी माणसाला हे जड जाऊ नये. आंबा खाल्ला, पोळी खाल्ली, केळे खाल्ले, असा कर्माचा मान आपण जन्मापासून राखतो, मग ते पुढे असो वा मागे. आणि हा इमानीपणाच मला नडला, कारण मी सरसकट सगळीकडे मेळ घालीत सुटलो. "काका," माझ्या मुलीच्या वयाच्या बाई म्हणाल्या, "कर्म आधीचं आहे का ते बघा. आधीचं असेल तरच भोगायचं." त्यांना व्याकरणच सांगावयाचे होते, पण पूर्वकर्माचा सिद्धांत इतक्या थोडक्यात मला कोणा कीर्तनकारानेही सांगितला नव्हता.

47 या आकड्याने खचलेल्या मला हात दिला तो मेरीमेने. आणि येथे वाचकांनी थोडे विषयांतर गोड मानून घ्यावे, कारण ही कथा मी बँकेतल्या रोखपालापासून मोतीबिंदू काढणाऱ्या डॉक्टरांपर्यंत सर्वांना ऐकविली आहे, आणि डॉक्टरांना तर मध्येच उठून जाण्याची सोयही नव्हती. 'कार्मेन'चा कर्ता प्रॉस्पेर मेरीमे याने 1857 साली, म्हणजे इकडे मीरतपासून झाशीपर्यंत आगडोंब उसळला असताना, तिकडे तिसऱ्या नेपोलियनच्या दरबारी मंडळींच्या मनोरंजनार्थ एक श्रुतलेखन रचले. त्यात इतर खाचखळग्यांबरोबर वासराची तंगडी आणि हरणाची तंगडी अशा दोन तंगड्या येतात. उच्चार दोहोंचा 'क्विसो', लेखन मात्र निरनिराळे. पिढ्यान्‌पिढ्या वरणभातावर पोसलेल्या माझ्यासारख्याला हा भेद कोठून कळणार? पण तो मांसाहारी सम्राटासही कळला नसावा. परंपरेने असे सांगतात की, सम्राटाच्या 75 चुका झाल्या, सम्राज्ञी युजेनीच्या 62, धाकट्या द्युमासारख्या नामांकित लेखकाच्या 24, आणि सर्वांत कमी, अवघ्या 3, ऑस्ट्रियाचा राजदूत मेटरनिख याच्या, म्हणजे परकीयाच्या! मी तत्काळ जमाखर्च मांडला: सम्राटापेक्षा मी 28 चुकांनी श्रेष्ठ, सम्राज्ञीपेक्षा 15. आमची श्रुतलेखने एक नव्हती, आणि माझे अर्ध्या पानाचे होते, असल्या किरकोळ तपशिलास मी त्यात जागा दिली नाही. पत्नीने सारे शांतपणे ऐकून घेतले. "पुढे त्याचं राज्य राहिलं का?" तिने विचारले. 1870 साली गेले, असे मी सांगितले. "जाणारच," ती म्हणाली.

सम्राटाच्या चुकांना असे हसता हसताच पुढे ठेच लागली. रिशल्यूने 1635 साली स्थापन केलेल्या, चाळीस 'अमर' सभासदांच्या फ्रेंच अकादमीचा कोश तयार होत असता, 1673 साली मेझरे या इतिहासकाराने लिहून ठेवले आहे की, जुनेच लेखन चालू ठेवणे अकादमीला इष्ट वाटते, कारण त्यायोगे विद्वज्जन हे अडाण्यांपासून आणि साध्यासुध्या बायकांपासून वेगळे ओळखू येतात. एवढा स्वच्छ कबुलीजबाब मी कोणत्याही दफ्तरात पाहिला नाही. ती मुकी अक्षरे कामचुकार नव्हती तर. त्यांची नेमणूक दारावरच्या पहाऱ्यासाठी होती. आणि मी आयुष्यभर त्याच दारावरचा शिपाई होतो.

त्याच सुमारास बाईंनी अक्षराच्या माथ्यावरील 'सिर्कोंफ्लेक्स' या टोपीवर निबंध सांगितला. हॉस्पिटलातला एस फ्रेंच 'ओपिताल'मधून आणि फॉरेस्टमधला 'फोरे'मधून केव्हाच गळाला. 1740 सालच्या कोशाने अशा शब्दांतून तो लेखनातूनही काढला आणि त्याच्या जागी स्वरावर ही टोपी ठेवली. 1990 सालच्या सुधारणांनी आय आणि यू यांवरील बहुतेक टोप्या ऐच्छिक केल्या, तेव्हा केवढा गहजब झाला! मीही टोपीची कैफियत हिरिरीने मांडली. शब्दाने आपल्यातले गेलेले माणूस विसरू नये, असे लिहिले, आणि त्या वाक्यापाशी माझी लेखणी थांबली.

आईची शाळा मराठी चौथीपर्यंत. तिच्या पत्रांत 'नांव', 'कांहीं', 'घरांत' अशी टिंबे असत. 'नांव'वरचे टिंब म्हणजे 'नाम'मधून गेलेल्या म ची खूणच. 1962 सालच्या शासनमान्य नियमांनी ती अनुच्चारित टिंबे रद्द केली, हे गावी तिला कोण सांगणार? मी सांगितले. 1976 साली, छापखान्यात नुकताच चिकटलो असताना, आंब्याला मोहोर आल्याचे आणि 'पैसे पाठवूं नकोस, तुलाच लागतील' असे लिहिलेले तिचे पत्र आले. मी तांबड्या पेन्सिलीने त्यातली 31 टिंबे छाटली आणि गंमत म्हणून ते तिला परत पाठविले. तिला कौतुक वाटेल, असे मला खरोखरच वाटले होते. पुढचे पत्र शेजारच्या सातवीतल्या मुलीच्या हातचे आले, निर्दोष. त्यानंतरची सगळी तशीच आली.

ते जुने पत्र आता शोधूनही माझ्यापाशी मिळायचे नाही; मीच ते टपालात टाकले होते. नियम मात्र पाठ आहे: कर्म आधीचे असले की मेळ घालावा लागतो, मग तो ऐकू येवो वा न येवो.

दुसऱ्या चाचणीत माझ्या 39 चुका निघाल्या. उत्तरपत्रिकेवर 'विद्यार्थ्याचे नाव' असे छापलेले असते. त्यातल्या 'ना'च्या डोक्यावर मी शाईने एक टिंब दिले होते. बाईंनी त्याभोवती तांबडे वर्तुळ काढले, आणि बेरीज खोडून 40 केली.